बोट मोडलं, मग कोड दोन कशाला?

मी मेडिकल कोडिंग करते, म्हणजे रुग्णाच्या नोंदी (चार्ट) वाचून त्यातल्या आजारांना आणि इजांना ठरलेले कोड लावते. नव्याने या कामात आलेली मुलं हमखास विचारतात: बोटाचं हाड मोडलंय, एक्स-रेत दिसतंय, मग फ्रॅक्चरचा साधा कोड टाकून चार्ट बंद का करायचा नाही? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

काय मोडलं एवढ्यावर आमचं भागत नाही, का मोडलं तेही लागतं. समजा, बरणीचं झाकण पिळताना डाव्या करंगळीचं मुळाकडचं पेर मोडलं. धडधाकट हाड झाकणाने मोडत नसतं. असा चार्ट आला की मी आधी एक्स-रेचा रिपोर्ट उघडते. हाडाच्या आत पोकळ दिसणारा भाग, त्यात कॅल्शियमचे बारीक ठिपके, बाहेरचं कवच पापुद्र्यासारखं पातळ. बहुतेकदा हा एन्कॉन्ड्रोमा निघतो, म्हणजे हाडाच्या आत वाढलेली कूर्चेची साधी, कॅन्सर नसलेली गाठ. हाताच्या पंजाच्या हाडांत सर्वाधिक आढळणारी गाठ हीच. ती आपल्या बोटात आहे हे कित्येकांना हाड मोडल्यावरच कळतं.

अमेरिकेतल्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडच्या पद्धतीत अशा फ्रॅक्चरला इजेचा एस६२.६ लावत नाहीत. गाठीमुळे मोडलेल्या हाडांचा गट एम८४.५, डाव्या हातासाठी एम८४.५४२, आणि जोडीला गाठीचा डी१६.१२. गंमत बघा, इजेच्या कोडमध्ये कुठलं बोट, कुठलं पेर, हाड सरकलंय का, सगळं सांगावं लागतं. इथे फक्त हात कुठला, एवढंच!

आता आधी कुठला कोड? इथेच सगळे अडखळतात. एन्कॉन्ड्रोमात बरेच सर्जन आधी स्प्लिंट (बोट हलू न देणारी आधाराची पट्टी) देऊन हाड जुळू देतात, त्याला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. मग गाठ खरवडून काढतात आणि गरज वाटली तर पोकळीत बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाचं भरण, भरतात. काही जण दोन्ही एकाच वेळी उरकतात. स्प्लिंटच्या व्हिजिटला उपचार फ्रॅक्चरवर, म्हणून एम८४.५४२ए पहिला. हाड जुळल्यावर केवळ गाठीसाठी ऑपरेशन असेल तर डी१६.१२ घ्यायचा, बरं झालेलं फ्रॅक्चर चालू म्हणून लावायचं नाही. शेवटचं ए म्हणजे पहिली व्हिजिट, असं समजू नका. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ए, हाड नीट जुळत असताना नुसती तपासणी असेल तर डी, आणि जुळलंच नाही तर के.

कॅन्सर पसरून हाताच्या पंजाचं हाड मोडणं फारच क्वचित. तसं झालंच तर मूळ बहुधा फुफ्फुसात असतं, आणि बोटाच्या टोकाची ती सूज जंतुसंसर्गासारखी दिसून फसवते. तिथे गाठीचा कोड सी७९.५१ होतो, मूळ कॅन्सरचा वेगळा लागतो, आणि उपचारांचा भर दुखणं कमी करून हात चालता ठेवण्यावर असतो.

एक मात्र पक्कं धरा. ओपीडीच्या नोंदीत डॉक्टरांनी ‘एन्कॉन्ड्रोमा असावा’ एवढंच लिहिलं असेल, तर डी१६ टाकायचा नाही. निदान आपण ठरवायचं नसतं. मी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवते आणि चार्ट होल्डवर ठेवते. दिवसाचं टार्गेट हुकतं, हुकू दे.