खाडीच्या वेळापत्रकाची वही

गुहागर तालुक्यातल्या वाशिष्ठी खाडीकाठच्या एका गावात मी नववीच्या मुलींसोबत दैनंदिनीचं काम करत होते. मुली घरी अभ्यासाला किती आणि कधी बसतात, हा प्रश्न होता. शाळेच्या हजेरीपटावर काही मुलींच्या नावापुढे वारंवार खाडे होते आणि शेऱ्यात एकच शब्द होता, 'अनियमित'. त्या शब्दावर माझा विश्वास नव्हता. माणूस शाळा चुकवतो तेव्हा त्याला काहीतरी कारण असतंच, आणि वर्षभर त्याच त्याच मुलींचे खाडे पडत असतील तर त्या कारणाला काही क्रमही असणार.

तासांचे रकाने पाडलेला छापील तक्ता मी मुद्दाम दिला नाही. साध्या शंभर पानी वह्या वाटल्या आणि एवढंच सांगितलं, रोज लिहा, काय केलं, कधी, कुठे, कुणाबरोबर, कसं. हे प्रश्न झिमरमन आणि वीडर या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांचे. त्यांनी १९७७ साली मांडलेली पद्धत मला फार मोलाची वाटते. आधी माणसानं स्वतःची दैनंदिनी लिहायची, मग संशोधकानं ती बारकाईनं वाचून त्याच नोंदींवरून त्याच्याशी सविस्तर बोलायचं. वही गोळा करून टक्केवारी काढली की काम संपलं, असं समजणारे बरेच भेटतात. मला तिथे काम अर्ध्यावर सोडल्यासारखं वाटतं.

वह्या परत आल्या तेव्हा मी आधी शाई पाहिली. कागदी दैनंदिनीचा मोठा धोका म्हणजे शेवटच्या दिवशी एका बैठकीत आठवडाभराचं भरून टाकणं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट वेदना असलेल्या रुग्णांच्या डायऱ्यांना गुपचूप प्रकाशसंवेदक बसवले होते. वही कधी उघडली ते त्यात टिपलं जाई. रुग्णांच्या म्हणण्यानुसार नव्वद टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या, प्रत्यक्षात निघाल्या अकरा टक्के. मी ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिच्या वहीत मात्र निळी शाई, मग काळी, दोन दिवस पेन्सिल, आणि एका पानावर वाक्य अर्धवट टाकून 'लाईट गेली'. ती वही रोजच्या रोज लिहिलेली होती.

त्या वहीची गंमत वेगळीच होती. प्रत्येक पानावर तारखेशेजारी तिनं तिथी लिहिली होती, भिंतीवरच्या कालनिर्णयातली. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. एक नोंद अशी: 'चतुर्थी. सुकती नऊला. साडेसातला आईबरोबर खाडीत. अर्धी पाटी तिसऱ्या. बीजगणित बुडालं. बाराच्या आत घरी.' सुकती म्हणजे ओहोटी, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या. त्याखाली पान कोरं.

मी तिच्या घरी पडवीत बसून वही उघडली. आजी सुपात तांदूळ निवडत होती. मी तिथीबद्दल विचारलं तर नातीच्या आधी तीच बोलली, "तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चौथीला तीनला भरती. मग सुकती नऊला." सहा तास मागे गेलं की ओहोटी. मी पेन काढून तिथेच हिशेब मांडला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटीला पाणी खूप मागे हटतं आणि तिसऱ्या-कालवांची जागा उघडी पडते. प्रतिपदेला सुकती पावणेसातला, म्हणजे मुली काम आटोपून साडेदहाच्या शाळेला पोचतात. तृतीयेला सव्वाआठ, चतुर्थीला नऊ, पंचमीला पावणेदहा. तेव्हा पोचणं अवघड. अष्टमीला सुकती बाराला, पण ते भांगाचे दिवस, पाणी फारसं हटत नाही आणि बायका जात नाहीत. मुली पुन्हा शाळेत.

मी हजेरीपटाची प्रत काढून तिथी लावत गेले. खाडे शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांत तृतीया ते षष्ठीच्या आत बसत होते. नुसत्या तारखा पाहणाऱ्याला हे कळणं शक्यच नाही. पक्ष चौदा दिवसांपेक्षा थोडा मोठा, म्हणून वार सरकत जातो. आज मंगळवार-बुधवार, तर दोन महिन्यांनी शुक्रवार-शनिवार. तिथी रविवारी आली की खाडा दिसतच नाही. 'अनियमित' म्हटलेल्या मुली चंद्राइतक्या नियमित होत्या.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानं घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, हे मांडलं. ते आकडे मी नेहमी वापरते. पण त्या सर्वेक्षणात प्रत्येक माणसाचा पहाटे चार ते चार असा एकच दिवस विचारतात. खाडीचा पंधरवडा एका दिवसात मावत नाही.

आणि तरी मूळ गोष्ट वहीत नव्हतीच. मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "बाराच्या आत घरी आलीस, मग शाळा पाचपर्यंत असते ना?" ती आजीकडे पाहून मग माझ्याकडे वळली. "उशिरा गेलं की वर्गाबाहेर उभं करतात, ताई. अंगाला चिखलाचा वास असतो. सगळी बघतात. त्यापेक्षा नको जायला." मी वही मिटली. काही वेळ दोघींनीही वहीकडे बघितलं नाही. मुलीची अर्धी शाळा खाडीनं घेतली होती, उरलेली अर्धी वर्गाबाहेरच्या त्या उभं राहण्यानं.

निघताना ती म्हणाली, "वही लिहायला लागल्यापासून मी तृतीयेच्या आदल्या दिवशीच मैत्रिणीची वही मागून ठेवते." पद्धतीच्या पुस्तकात याला दोष मानतात, लिहिण्यानं वागणं बदलतं म्हणून. मी तेही टिपून ठेवलं, दोष म्हणून नाही.

शाळेत सांगितलं तेव्हा मुख्याध्यापकांनी वही मागितली. मी दिली नाही. मुलींना आणि पालकांना मी लेखी शब्द दिला होता की त्यांच्या परवानगीशिवाय वही कुणी वाचणार नाही. मुलीला विचारलं. ती म्हणाली, वही नको, मी वेगळं लिहून देते. दुसऱ्या दिवशी तिनं एक कागद आणला. पुढच्या महिन्याच्या तिथ्या, सुकतीच्या वेळा, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी गणिताचा तास कितवा. मुख्याध्यापकांनी तो वेळापत्रकाशेजारी धरून पाहिला, गणिताच्या सरांना बोलावलं आणि विचारलं, "हा तास दुपारच्या सुट्टीनंतर घेतला तर तुम्हाला चालेल?"