पडायचे पैसे

आमच्या कंपनीत पाच जण रंगमंचावर पडतात, एक जण विंगेत ढोलकी घेऊन बसतो आणि मी हिशेब ठेवतो. पूर्वी मीही पडायचो. गुडघ्यांनी एकमताने ठराव केल्यावर थांबलो. पुण्यात गेली दहा-अकरा वर्षं आम्ही बिनशब्दांची विनोदी नाटकं करतोय, आणि ती सगळी आम्ही तालमीतच रचलेली आहेत. लोक विचारतात, ‘म्हणजे माईम का?’ तसं नाही. माईमवाला नसलेली भिंत दाखवतो. आमच्याकडे भिंत खरी असते आणि ती अंगावर येते.

सुरुवात पुण्यातल्या बहुतेक ग्रुपांची होते तशीच झाली. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग कॉलेज संपलं आणि निम्मी मंडळी मालिकांसाठी मुंबईला गेली. उरलेल्यांना एका कार्यशाळेचा नाद लागला. शिकवणारे पॅरिसच्या जाक लकोक यांच्या शाळेत शिकून आले होते. लकोकनी ती शाळा 1956 मध्ये सुरू केली, आणि विदूषकाचं लाल नाक हा जगातला सगळ्यात छोटा मुखवटा, असं ते म्हणत. त्या कार्यशाळेत नाक लावून नुसतं उभं राहायला सांगितलं. काही करायचं नाही. दोन मिनिटांत समोरचे हसायला लागले, आणि आपण काहीच न करता ते का हसतायत हे कळेना म्हणून आम्ही घाबरलो, तर आणखी हसले. मला तेव्हा आठवला तो आपला तमाशातला सोंगाड्या. गवळणीत कृष्णाने वाट अडवली की मागे मावशीचा नुसता हात कमरेवर जातो आणि मांडव हसतो. तेव्हा फ्रान्सहून जे शिकलो ते आपल्याकडे नव्हतंच, असं मी कुणाला सांगणार नाही. तालमीची शिस्त मात्र तिकडून घेतली, हे खरं.

पैशाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी, कारण आमची नाटकं जशी दिसतात तशी ती पैशामुळेच दिसतात. मराठी रंगभूमीवर नटाला ‘नाईट’ मिळते, म्हणजे प्रयोग झाला की पैसे. तालीम बहुधा फुकट. त्यामुळे पोटासाठी नट तीन-चार कामं धरतो, तारखा आदळतात आणि मग रिप्लेसमेंट उभी राहते. बोलक्या नाटकात हे कसंबसं निभतं, संवाद पाठ असले की गाडी पुढे जाते. आमच्याकडे निभत नाही. खांद्यावर उभा राहणारा 58 किलोचा आहे हे खालच्याच्या कमरेला ठाऊक असतं. तिथे अचानक 70 किलोचा आला तर हशा होत नाही, ॲम्ब्युलन्स येते.

याचं उत्तर मला नारायणगावात मिळालं. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे जुन्नर तालुक्यातलं गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. यात्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या, म्हणजे तमाशा कंपन्यांच्या, राहुट्या लागतात, गावोगावची पुढारी मंडळी येऊन सुपारी ठरवतात, पाडव्याला तर नुसती झुंबड असते. मी गेलो होतो सोंगाड्यांशी बोलायला आणि दोन दिवस बसलो फडमालकांच्या हिशेबाच्या वह्यांशेजारी. दसऱ्याला फड बांधायचा, कलावंताला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायची, अख्खा हंगाम तो त्याच फडात. उचलीत माणूस अडकतो, कर्ज साचतं, ही त्या पद्धतीची काळी बाजू आहेच आणि ती मला घ्यायची नव्हती. पण सोंगाड्या आणि ढोलकीवाला महिनोन्महिने एकत्र असतात म्हणून सोंगाड्याची मान वळण्याच्या आत थाप पडते, हे तिथे डोळ्यांनी दिसलं. सिंधुदुर्गातल्या दशावतारी कंपन्यांचंही तेच. लिखित संहिता नाही, रंगपटात आख्यान ठरतं आणि रात्रभर संवाद जागच्या जागी रचले जातात. एकमेकांची सवय नसेल तर ते शक्यच नाही.

मग आम्ही भागीदारीचा करार केला आणि तालमीचे पैसे द्यायला लागलो. दसरा ते दसरा करार, दरमहा ठरलेलं मानधन, प्रयोगाची नाईट वेगळी पण लहान, आणि अपघाती विमा. मानधन फार नाही. कुणी त्यावर फ्लॅट घेतलेला नाही. पण पाचही जण सकाळी साडेसातला तालमीला येतात आणि त्यांचे फोन बंद असतात. ओळखीतल्या नाट्यनिर्मात्यांनी मला वेड्यात काढलं. त्यांचं गणितही चूक नव्हतं: तिकीटविक्रीतून हा खर्च निघत नाही, आजही नाही. तो शाळांतल्या शिबिरांतून निघतो, कंपन्यांच्या कार्यशाळांतून निघतो, आणि मालिका-सिनेमातल्या नटांना थप्पड खायला शिकवण्यातून निघतो.

थप्पडीचं सांगतोच. रंगमंचावर हात गालाला लागत नाही. आवाज खाणारा काढतो, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूला स्वतःच्याच तळव्यावर किंवा मांडीवर. मारणाऱ्याने हात टाकण्याआधी दोघांची नजरानजर व्हावी लागते. ती झाली नाही तर मारणाऱ्याने हात टाकायचाच नाही, भले प्रसंग फुकट जावो. पडण्याचंही शास्त्र आहे. श्वास सोडत खाली जायचं, हनुवटी छातीशी, आधी मांडी, मग नितंब, मग पाठीची बाजू. कोपर, मनगट आणि माकडहाड कधीच आधी टेकवायचं नाही. आमच्यातली एक जण मल्लखांबातून आली, तिला यातलं निम्मं आधीच येत होतं. तिला शिकवावं लागलं ते वेंधळं दिसणं. इतकी वर्षं सफाईसाठी घालवलेल्या शरीराला बावळटपणा शिकवायला दुप्पट वेळ लागला.

म्हणून मी आयोजकांना पहिला प्रश्न जमिनीबद्दल विचारतो. लाकडी रंगमंच खालून पोकळ असतो, थोडा दबतो. शाळेच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी किंवा सिमेंट. आम्ही आमच्या मॅट आणि वर ताणायचं कॅनव्हास टेम्पोत घेऊनच फिरतो. नेपथ्य एका छोट्या टेम्पोत मावलं पाहिजे, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम; भाड्याचा आकडा पाहून केलेला, सौंदर्यशास्त्र नंतर चिकटवलं.

आमच्या सगळ्यांत जास्त चाललेल्या नाटकात नेपथ्य म्हणजे एक बाक आणि चार खुर्च्या. लग्नातलं एक कुटुंब ग्रुप फोटोसाठी उभं राहतं आणि फोटो निघत नाही. सत्तर मिनिटं. आजोबांना मध्ये बसवायचं, तर जावई आधीच मध्ये. त्याला उठवायचं कुणी? कुणी कुणाला ढकलत नाही, सगळे एकमेकांना ‘तुम्ही बसा, तुम्ही बसा’ करत राहतात, तेही बिनशब्दांत, आणि त्या आग्रहापोटी बाक उलटतो. हे नाटक आमच्याच एका नातेवाइकाच्या अल्बमवरून सुचलं, ते अजून कळलेलं नाही त्यांना. शब्द नाहीत म्हणून हे कुठेही सारखंच चालेल असं आम्हाला वाटलं होतं. चालतं, पण हशा जागा बदलतो. पुण्यात जावई उठतो तेव्हा लोक हसतात. सावंतवाडीत त्याआधी, सासू त्याच्याकडे बघते तिथेच हशा येऊन गेलेला असतो. बंगळूरला कानडी आणि मराठी प्रेक्षक अर्धे-अर्धे होते, तिथे आजोबा सगळं विसरून चप्पल शोधायला निघतात त्यावर टाळी आली. ढोलकीवाल्याला हे सगळं ऐकत थाप मागेपुढे करावी लागते. खरा दिग्दर्शक तोच, मी बिलावर माझं नाव लिहितो एवढंच.

जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, संहिता द्यावी लागते. आमच्यात संवादच नाहीत, मग द्यायचं काय? प्रत्येक हालचाल ओळीने लिहून काढली. ‘जावई अर्धा उठतो. सासरे दीड पाऊल मागे. बाक डावीकडे कलतो.’ वाचायला भयंकर कंटाळवाणी वही. पण तीच आता आमची ठेव आहे. जुनं नाटक पुन्हा उभं करताना व्हिडिओपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो, कारण व्हिडिओत काय झालं ते दिसतं, कशामुळे झालं ते वहीत असतं.

मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली, तेव्हा एकमेकांना हात लावणं हाच ज्यांचा धंदा त्यांचं काय झालं असेल ते लिहीत बसत नाही. एक जण कायमचा गावी शेतीकडे गेला. 22 ऑक्टोबर 2021 ला नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडली आणि एक नवीन गोष्ट समजली: एकाआड एक खुर्ची रिकामी असेल तर हसू पसरत नाही. माणसं तेवढीच, नाटक तेच, पण शेजारच्याचा खांदा हलल्याशिवाय दुसऱ्याचं हसू सुटत नाही. तेव्हापासून लहान, भरलेलं सभागृहच बरं वाटतं. हजार खुर्च्यांत तीनशे माणसं पसरून बसण्यापेक्षा पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत खेटून बसलेली शंभर आम्हाला परवडतात, विनोदालाही आणि हिशेबालाही. तिकीट 300 रुपये ठेवलंय. 500 पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, आणि त्यापुढे गेलो तर शाळेतली पोरं आईबापांना घेऊन येणार नाहीत.

सध्या नवं नाटक तालमीत आहे: वाड्याच्या अरुंद जिन्यावरून गोदरेजचं कपाट खाली आणणारी चार माणसं, आणि जिन्यावर सूचना द्यायला उभा असलेला पाचवा. कपाट प्लायवूडचं आहे, तरी जड आहे. दिवाळीनंतर दौरा करायचा विचार आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तालुक्यालाही येऊ. बोलवायचं असेल तर सभागृहाची लांबी-रुंदी नंतर सांगितली तरी चालेल, पण छताची उंची आणि जमीन कशाची आहे ते आधी कळवा. आमचा जिना बारा फुटांचा आहे आणि वरच्या पायरीवर माणूस उभा राहतो.