अण्णांचं पाणी

यंदा वारीत चालले ती अण्णांसाठी. एकवीस वर्षं आम्ही एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात; मी सिस्टर, ते आरोग्य सेवक. माउलींच्या पालखीची वाट आमच्या हद्दीतून जाते, त्यामुळे ज्येष्ठ लागला की अण्णांना घर नसे. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक, पण नोकरीत पायी वारी कधी घडली नाही. निवृत्तीनंतर चालायचं ठरलं होतं. फेब्रुवारीत झटका आला आणि गेले.

आळंदीहून निघालो. दिवे घाटाने पोटऱ्या भरून आल्या, सासवडला दोन रात्री पाय चोळण्यातच गेल्या. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला. कपाळं, पताका, रस्ता, सगळं पिवळं. आणि मला अण्णांचा पिवळा आठवला.

टँकरच्या नळाखाली ते क्लोरोस्कोपची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या संचाची, नळी धरायचे, ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे आणि नळी उजेडात धरून बघायचे. पाणी फिकट पिवळं झालं की टँकर सोडायचा. रंग आला नाही तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालून अर्धा तास थांबायचं, पुन्हा टेस्ट. मागे तहानलेली रांग, ड्रायव्हरची घाई, वरून फोन. अण्णा जागचे हलत नसत. पंढरीच्या वाटेवर पटकीने माणसं कशी मरायची, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं. "सिस्टर, ह्या पाण्यानं कुणाला गॅस्ट्रो झाला तर माउलींना काय तोंड दाखवू?" म्हणायचे.

2020 साली पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वाटेवर एक दिंडी नाही. तरी अण्णा पालखीच्या विहिरीवर गेले आणि टेस्ट करून आले. त्या दिवशी ते कुणाशी फारसं बोलले नाहीत.

नीरेत पादुकांचं स्नान झालं. पूल ओलांडून पाडेगावच्या बाजूला आलो तर टँकरपाशी एक कोवळा पोरगा नळी घेऊन उभा. मी दिंडीतून बाजूला झाले. थेंब पडले. त्याने नळी वर धरली, मीही मान वर केली. फिकट पिवळं.

"भरा माउली," म्हणत त्याने नळ सोडला.

मी बाटली भरून तोंडाला लावली. पाण्याला तोच उग्र वास, अण्णांच्या शर्टाला यायचा तो. पुढे विणेकरी निघाले होते. मी अजून एक घोट घेतला.