रताळ्यातला सोंड्या म्हणजे तांदळातला टोका नव्हे

रताळं चिरलं, आत काळपट बोगदे दिसले आणि कडवट वास आला, की ‘टोके लागले’ म्हणून लोक मोकळे होतात. तांदळातला टोका आणि हा सोंड्या, दोघांनाही सोंड आहे, पण घराणी वेगळी. दहापट भिंगाखाली मिशा पाहा. टोक्याची मिशी कोपरासारखी मोडलेली असते. याची सरळ, दहा पेरांची. शेवटचं पेर मादीत लांबगोल, नरात लांब दांडीसारखं, म्हणजे नर-मादीही तिथेच कळतात.

सरळ मिशीवरून हा ब्रेंटिडी कुळात जातो. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1798 मध्ये याला ‘ब्रेंटस फॉर्मिकॅरियस’ म्हटलं. आज नाव ‘सिलास फॉर्मिकॅरियस’. फॉर्मिका म्हणजे मुंगी. बारीक कंबर, तांबूस छाती आणि पाय, निळसर काळे पंख, लांबी 5 ते 8 मिमी; नाव चपखल आहे. कुळातले बरेच भाऊबंद मेलेल्या लाकडात वाढतात, हा मात्र जिवंत वेलीत आणि कंदात. म्हणूनच की काय, याला कोणी स्वतंत्र उपकुळ देतं, कोणी ब्रेंटिनी उपकुळातली एक जमात (उपकुळाखालचा गट) मानतं. उपकुळ Cyladinae, जमात Cyladini, पण देवनागरीत दोन्ही ‘सिलाडिनी’च, त्यामुळे वाचताना घोळ होतो. आफ्रिकेत सिलास पंक्टिकॉलिस आणि सिलास ब्रुनेयस हे त्याचे सख्खे.

मादी कंदात किंवा वेलीच्या बुडाशी खळगा कोरून एकेक अंडं घालते आणि वर विष्ठेचं बूच बसवते. अळी आतच पोखरत कोषात जाते. कंद बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतो, म्हणून थोडंसं किडलेलं रताळंही तोंडात धरवत नाही.

भुंग्याला माती उकरता येत नाही. तो भेगांमधून उतरतो. कंद फुगताना वरंबा फाटतो, तेव्हाच मातीची भर द्या आणि पाण्याचा ताण पडू देऊ नका. बेणं वेलीच्या शेंड्याकडचं, 25–30 सेंमी घ्या. बुडख्याकडचं घेतलंत तर अंडी सोबतच लावली जातात. काढणीनंतर किडके कंद बांधावर टाकू नका, आणि साठवणीत चांगल्यांतही मिसळू नका. अळी तिथेही वाढत राहते.

कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाचं आमिष असतं, म्हणून फक्त नर अडकतात. सापळा भरला म्हणून निर्धास्त होऊ नका: आधीच फळलेल्या माद्या शेतातच असतात.