माळ्यावरचा देव

आईचे गुडघे दुखतात, म्हणून म्युनिकहून निघतानाच ठरवलं होतं की नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा खालूनच दाखवायचा. वीस नावाच्या खेड्यातल्या चर्चला मात्र न्यायचंच. फ्यूसनहून बस मिळते. रस्ताभर दोन्ही बाजूंना कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आणि मागे आल्प्सची रांग. जर्मनमध्ये ‘वीस’ म्हणजे कुरण आणि ‘किर्शे’ म्हणजे चर्च. वीसकिर्शे आहे तसंच, कुरणात एकटं उभं असलेलं. बाहेरून फारसं काही जाणवत नाही. फिकट भिंती, मोठं उतरतं छप्पर, एक मनोरा.

‘एवढ्यासाठी आलो होय?’ आई म्हणाली. मी काही बोलले नाही, दार ढकललं.

आत पाऊल टाकल्यावर ती थांबलीच. तिने आधी पायांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘चपला काढायच्या का गं?’ इथे काढत नाहीत म्हटलं, तरी ती बराच वेळ अवघडल्यासारखी चालत होती.

आत उजेडच उजेड. हे चर्च लंबगोल आहे आणि चहूबाजूंनी मोठ्या खिडक्या आहेत, त्यामुळे कोपरा असा कुठे सापडत नाही. जोडीजोडीने उभे असलेले पांढरे खांब, त्यांच्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि वर गिलाव्याची नक्षी संपून चित्र कुठे सुरू होतं ते डोळ्यांना कळत नाही. डोमिनिकुस त्सिमरमनने हे बांधलं आणि त्याचा थोरला भाऊ योहान बाप्टिस्टने छत रंगवलं. दोघे भाऊ गिलाव्याच्या कामासाठी नावाजलेल्या वेसोब्रुनचे. 1745 साली काम सुरू झालं तेव्हा डोमिनिकुस साठीचा होता. मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते छताचं. एवढा जड दिसणारा हा घुमट दगडाचा नाहीच. लाकडी पट्ट्यांवर गिलावा करून तो वरच्या छपराच्या सांगाड्याला टांगलेला आहे. म्हणून तर खांब इतके सडपातळ ठेवता आले आणि खिडक्या एवढ्या मोठ्या.

मी माना वर करून बघणाऱ्यांच्या घोळक्यात उभी होते. मधोमध इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, वेदीच्या बाजूला न्यायाचं रिकामं सिंहासन, समोरच्या टोकाला अनंतकाळाचं बंद दार. निवाड्याचा दिवस अजून उजाडायचा आहे, तोवर क्षमा मागायला वेळ आहे, असं ते चित्र सांगतं. शेजारी आईला दाखवायला वळले, तर आई तिथे नव्हतीच. ती थेट पुढे, वेदीपाशी गेली होती.

तिथे ती मूर्ती आहे. खांबाला साखळीने बांधलेला, चाबकाचे फटके खाल्लेला ख्रिस्त. बाकी देवळाच्या झगमगाटात ती अगदी गावठी दिसते. अंगभर जखमा, रक्ताचे ओघळ, चेहरा थकलेला. आई म्हणाली, ‘बाई गं, किती मारलंय याला.’

मग तिथल्याच बाकावर बसून मी तिला हळू आवाजात गोष्ट सांगितली. जवळच श्टाइनगाडेनला मठ होता. तिथल्या साधूंनी 1730 साली गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी ही मूर्ती केली, तीही जुन्या लाकडी मूर्तींचे वेगवेगळे तुकडे जोडून. सांधे कापडाने झाकले, वरून रंग दिला. काही वर्षं ती मिरवणुकीत फिरली, पण लोकांना तिच्याकडे बघवेना. शेवटी ती गावातल्या एका खानावळवाल्याच्या माळ्यावर जाऊन पडली. 1738 साली मारिया लोरी नावाच्या शेतकरणीने ती मागून घेतली आणि वीसच्या आपल्या घरी आणली. त्याच वर्षी 14 जूनला तिला मूर्तीच्या डोळ्यांत पाण्याचे थेंब दिसले.

‘जोडलेली मूर्ती?’ आईने मधेच विचारलं. आमच्या देवघरातल्या बाळकृष्णाचा हात दुखावला होता तेव्हा आजीने तो रडत रडत कृष्णेत सोडला होता. मूर्ती भंगली की पूजेत ठेवत नाहीत, हे आईच्या हाडीमाशी भिनलेलं. ‘आणि ही बाई तसली मूर्ती घरी घेऊन गेली,’ ती म्हणाली आणि परत मूर्तीकडे बघत बसली.

बातमी पसरली तशी माणसं यायला लागली. 1740 साली कुरणात छोटंसं देऊळ बांधलं, पण गर्दी तिथे मावेना, म्हणून मठाने हे मोठं चर्च हाती घेतलं. 1754 साली ते पूर्ण झालं आणि त्यापायी मठ कर्जात बुडाला. 1803 साली सरकारने बव्हेरियातले मठ बरखास्त केले, श्टाइनगाडेनचाही गेला, आणि वीसकिर्शे पाडून टाकायची वेळ आली. तेव्हा आसपासचे शेतकरीच अडून बसले, म्हणून ते वाचलं. 1983 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण मला त्या यादीपेक्षा ते शेतकरी जास्त महत्त्वाचे वाटतात. शेतकरणीच्या घरात सुरू झालेलं देवस्थान शेतकऱ्यांनीच राखलं.

त्सिमरमनलाही ही जागा सोडवली नाही. काम संपल्यावर तो चर्चशेजारीच घर करून राहिला आणि 1766 साली तिथेच वारला. इतकी देवळं बांधलेल्या माणसाने म्हातारपणी नेमकं कुठे राहायचं ठरवलं, हे मला फार बोलकं वाटतं.

बाहेर आल्यावर ते 1740 चं छोटं देऊळही पाहिलं. ते अजून उभं आहे. बसमधून उतरलेली बहुतेक माणसं त्याच्यावरून सरळ पुढे जातात. आई मात्र आत डोकावून हात जोडून आली. मग दुकानातून गरमागरम तळलेले गोड पदार्थ घेतले, मध्ये पातळ, कडेला फुगलेले, वर पिठीसाखर. आईला घारग्यांची आठवण झाली. बाकावर बसून खाता खाता गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या.

बस यायला दहा मिनिटं होती. आईने बोटांवरची साखर झटकली आणि म्हणाली, ‘त्या बाईचं नाव काय म्हणालीस?’

‘मारिया लोरी.’

‘मारिया लोरी,’ तिने स्वतःशी म्हणून बघितलं. ‘तुझ्या मावशीला सांगायचंय.’