फुटबॉल खेळाची भौतिकी, नोंद ४ : पोकळ चेंडूचा हिशेब

गेले तीन आठवडे मी घडवत असलेल्या फुटबॉलच्या व्हिडिओ खेळातील जमिनीलगतचा पास मला खटकत होता. चेंडूचे वजन ४३० ग्रॅम, परिघ ६९ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही नियमात बसणारे. तरीही चेंडू लोखंडी गोळ्यासारखा पुढे रेटत जाई. मी घर्षण वाढवत राहिलो आणि नेमके तिथेच चुकत होतो.

चूक जडत्व आघूर्णात, म्हणजे वस्तू फिरवली जाण्याला किती विरोध करते त्या राशीत होती. खेळातील हालचालींचा हिशेब करणारे इंजिन गोलाला भरीव समजते आणि दोन पंचमांश हा गुणक धरते; चेंडू मात्र पातळ कवचाचा असल्याने त्याचा गुणक दोन तृतीयांशाच्या जवळ जातो. फिरकीशिवाय मारलेला चेंडू आधी घसरतो, मग घर्षणामुळे फिरू लागतो आणि शेवटी न घसरता गडगडतो. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर सेकंदाला १० मीटर वेगाने निघालेला भरीव गोल गडगडू लागताना ७.१ वर असतो, पोकळ गोल ६ वर. मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की गडगडतानाच्या आणि सुरुवातीच्या वेगाचे हे गुणोत्तर घर्षणावर अवलंबूनच नाही. घर्षण फक्त घसरण्याचे अंतर ठरवते : घर्षणाचा गुणांक ०.४ असेल तर सुमारे ८ मीटर, ०.२ असेल तर त्याच्या दुप्पट.

हे डोळ्यांनी पाहावे म्हणून पावसाची सर थांबल्यावर नाशिकच्या गंगापूर रोडजवळच्या एका मैदानावर गेलो. दर मीटरला फक्कीची रेघ ओढली, चेंडूवर रंगीत चिकटपट्टी लावली आणि धाकट्या भावाने मारलेले पास मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमने टिपले. एका फेऱ्यात चेंडू ६९ सेंटिमीटर पुढे सरकला, की घसरणे संपले असे मानायचे. ओल्या गवतावर तो क्षण फार उशिरा येत होता, कोरड्या मुरमाड कडेला लवकर. पण वेग दोन्हीकडे सुरुवातीच्या साठ टक्क्यांच्या किंचित खालीच सापडला. हवेचा विरोध जमेस धरला तर तसेच यायला हवे. घरी येऊन गुणक बदलला आणि पहिल्याच पासला चेंडू ओळखीचा वाटला. त्या रात्री मी बराच वेळ नुसते पासच देत बसलो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने हवेची घनताही साधारण सहा टक्क्यांनी कमी धरली आहे. लांबच्या फटक्यात फरक थोडाच पडतो, तरी तो असावा असे मला वाटते.

खेळाडूंचे काम त्यामानाने मागे आहे. वळताना पायाला मिळणारे आडवे त्वरण मी ६ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके मर्यादित केले, त्यामुळे ८ च्या वेगाने धावणाऱ्याला जवळपास ११ मीटर त्रिज्येचे वळण लागते आणि ४ च्या वेगाला पावणेतीन मीटरपेक्षाही कमी. बचावपटू आता वळण्याआधी आपोआप वेग कमी करतो. त्याने पायाने अडवलेला चेंडू मात्र अजून आपली फिरकी विसरतो. सध्या तेच दुरुस्त करत आहे.