ओल्या लादीवरचे पाय

ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या समाजमंदिरात संध्याकाळी पाच ते सव्वासहा कराटे, साडेसहा ते आठ माझं बॉक्सिंग. मधली पंधरा मिनिटं भांडणाची. पायांच्या सरावासाठी मी लादीवर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या लावतो आणि कराटेचे सर त्या उपटून टाकतात. त्यांची मुलं अनवाणी, टेपच्या कडा पायाला लागतात म्हणे. मी पुन्हा लावतो. सहा वर्षं हेच चाललंय. आम्ही एकमेकांना 'सर'च म्हणतो, पण कुठल्या सुरात ते विचारू नका.

गेल्या जुलैत एका संध्याकाळी पावसाने कहर केला. वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबलेलं, लोकल बंद. त्यांच्या मुलांना न्यायला पालक पोचेनात, माझी निम्मी मुलं आलीच नाहीत. त्यात लाइट गेले. दारातून पाणी आत आलं आणि कोट्याची लादी चिंब झाली. सर म्हणाले, "घ्या आता एकत्रच. नाहीतर ही पोरं हॉल डोक्यावर घेतील."

त्यांची एक ब्राऊन बेल्टवाली पोरगी पुढे झाली आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आधी ते कराटेचं उभं राहणं विसर बघू." कराटेतून येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलोय. फक्त या वेळी सर शेजारी उभे होते.

"का विसरायचं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात ती झेनकुत्सु-दाची घेऊन बाजूला झाली. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची बैठक. ओल्या पायांचे दोन ठसे कोरड्या कोपऱ्यातल्या लादीवर उमटले. मला काय वाटलं कोण जाणे, बूट-मोजे काढले, पाय ओले केले आणि शेजारी माझ्या बॉक्सिंगच्या पवित्र्यात उभा राहिलो. मग खाली बसून वितीने मोजलं. पुढच्या-मागच्या पायातलं उभं अंतर तिचं चार वीत, माझं दोनाच्या जरा वर. पण आडवं अंतर? तिचंही दीड, माझंही दीड, फरक बोटभर.

हे आडवं अंतर म्हणजे आमच्या धंद्याचं मर्म. नवा मुलगा हमखास दोन्ही पाय एका रेषेत ठेवतो, डोंबाऱ्याच्या दोरीवर चालल्यासारखा. बाजूने नुसता धक्का दिला तरी कोलमडतो. माझ्या टेपच्या पट्ट्या तेवढ्याच कामासाठी आहेत. सर म्हणाले, "मी पण पहिले दोन महिने हेच ओरडतो. आणि एवढं खाली आम्ही कातामध्ये बसतो. कुमितेत कोण बसतंय?" काता म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली, कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत.

मग खेळ लावला. तिने आणि माझ्या जिल्हा स्पर्धा खेळलेल्या पोराने एकमेकांच्या खांद्याला नुसता हात लावायचा. पहिल्या तिन्ही वेळा तिनेच लावला. लांब उभी राहायची, पुढचा पाय सरकवायची, मागचा आपोआप ओढला जायचा, डोकं तसूभर वर-खाली नाही. याला ते योरी-आशी म्हणतात. आणि मी रोज 'पुढचा पाय आधी, मागच्याने ढकल, पाय ओलांडायचे नाहीत' असा घसा कोरडा करतो, ते हेच! चौथ्यांदा माझा पोरगा शहाणा झाला. मागे न जाता तिच्या बाहेरच्या अंगाला वळला. ती सरळ रेषेत निघून गेली आणि तो आरामात तिच्या खांद्यामागे उभा.

आता हसायची पाळी माझी होती. पण सरांनी तिला थांबवलं, "ताई-साबाकी कुठे गेलं तुझं?" म्हणजे अंग वळवून वाटेतून बाजूला होणं. आणि स्वतः करून दाखवलं. पुढच्या पायाचा चवडा रोवून मागचा पाय कंपासच्या पेन्सिलीसारखा फिरवला. मी शेजारी माझा पिव्हट मारला. लादीवर दोन ओल्या कोरी, जवळजवळ सारख्या. मुलं मोबाइलच्या उजेडात वाकून बघत होती.

भांडण झालं ते टाचेवरून. मागच्या हाताचा ठोसा मारताना मी 'टाच उचल, झुरळ चिरडल्यासारखा चवडा फिरव' म्हणतो; ते 'टाच जमिनीला चिकटव' म्हणतात. टाच उचलली की कंबर पुरती वळते, हात थोडा लांब पोचतो आणि पाय पुढच्या हालचालीला मोकळा राहतो. सरांचं म्हणणं, ठोशाचा जोर जमिनीतून येतो, मग जमीन सोडायचीच कशाला? पोरीला दोन्ही तऱ्हांनी पॅडवर मारायला लावलं. टाच उचलून मारलेला तिचा ठोसा अगदीच पुचाट आला. म्हणजे शिकवायचं तर हळूहळू, आज सांगून उद्या होणार नाही. हे मी कबूल केलं, जरा नाइलाजानेच.

खरी गंमत वेगळीच. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी मी पालकांना लव्हलिना बोर्गोहेनचं उदाहरण देतो. सुरुवात मुए थाईतून, म्हणजे थायलंडच्या लाथा-बुक्क्यांच्या खेळातून, आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये, 2021 साली, बॉक्सिंगचं कांस्य. आणि तोच मी दुसरीकडे पोरांना 'आधीचं विसर' म्हणतो!

आठ वाजता पाऊस जरा ओसरला, पालक यायला लागले. दाराशी छत्री झटकत सर सांगत होते, ते मूळचे कोल्हापूरकडचे. लहानपणी लाठी शिकताना वस्तादांनी महिनाभर काठी हातात दिलीच नव्हती, नुसता पवित्रा. मी म्हटलं, "मग तुम्ही दाची म्हणता, मी स्टान्स म्हणतो. आपल्या पोरांना 'पवित्रा घे' का नाही सांगत आपण?" ते हसले. "बेल्टच्या परीक्षेला नाही चालायचं हो सर."

त्या वेळचा 'सर' जरा बरा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला हॉलवर गेलो. टेप उपटलेली होती.